किन्त्सुगीत सोनं वितळवत नाहीत

वाबी-साबी पद्धतीने, म्हणजे साधेपणात आणि अपूर्णतेत सौंदर्य पाहणाऱ्या जपानी दृष्टीने, घर सजवायचं म्हटलं की किन्त्सुगीची, म्हणजे फुटल्यावर सोनेरी रेघांनी जोडलेली वाटी हमखास दाखवतात आणि सांगतात, ‘जपानी लोक फुटकी भांडी वितळलेल्या सोन्याने सांधतात.’ साफ चूक. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला. तो रस थंड वाटीवर ओतला तर वाटी तिथेच तडकेल.

तुकडे धरून ठेवते ती उरुशी, म्हणजे त्याच नावाच्या झाडाचा चीक. गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात साधारण तेवढीच उरुशी घोटतात. उचलल्यावर तार सुटली पाहिजे. कडांना पातळ थर देऊन तुकडे दाबून बसवायचे आणि वाटी दमट पेटीत ठेवायची: २० ते २५ अंश, आर्द्रता ७० ते ८५ टक्के. उरुशीला घट्ट व्हायला ओलावाच लागतो. उन्हात वाळवायला ठेवणारे इथेच फसतात, ती चिकटच राहते. थर जाड झाला तर वर सुरकुत्या, आत ओलं. सांधा पक्का व्हायला एक-दोन आठवडे सहज जातात.

मग टवके भरून घासायचे, तांबड्या उरुशीची बारीक रेघ ओढायची आणि ती अर्धवट चिकट असताना सोन्याची भुकटी भुरभुरवायची. सोनं एवढंच, वरवरचं!

कच्ची उरुशी अंगावर उतते (झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं), म्हणून हातमोजे हवेतच. किन्त्सुगीच्या स्वस्त संचांत बहुधा उरुशीऐवजी इपॉक्सी (कृत्रिम गोंद) आणि सोन्याऐवजी पितळी भुकटी असते. अशी वाटी फडताळात शोभते, तिच्यातून चहा मात्र पिऊ नका.