फोर रोझेसला घरी आणणारा माणूस : जिम रटलेज यांच्या निवृत्तीची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर २०१५ रोजी जिम रटलेज अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या फोर रोझेस डिस्टिलरीतून, म्हणजे व्हिस्कीच्या कारखान्यातून, निवृत्त झाले. मालक बदलत गेले, तरी त्यांची नोकरी ४९ वर्षं अखंड चालली होती आणि त्यातली शेवटची वीसेक वर्षं ते मास्टर डिस्टिलर, म्हणजे मद्य बनवण्याच्या कामाचे प्रमुख होते. केंटकीबाहेर ही बातमी व्यापाराच्या पानावर चार ओळींत संपली असती, तरी कुणाला वावगं वाटलं नसतं. बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीच्या, चाहत्यांनी मात्र ती घरातली बातमी असावी तशी घेतली. कुणी हळहळलं, कुणी मनापासून आभार मानले, आणि पुष्कळांच्या मनात एकच धास्ती होती : आता चव बदलणार का?

मद्याच्या कारखान्यातला एक अधिकारी वय झाल्यावर निवृत्त होतो, त्यात एवढं हलून जाण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर फोर रोझेसच्या इतिहासात सापडतं. अमेरिकेत बनणारी ही बर्बन चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकेच्याच दुकानांत मिळत नव्हती. ती परत मिळू लागली त्यामागे ज्या माणसाचा ध्यास होता, तो माणूस त्या दिवशी निघाला होता.

पॉल जोन्स ज्युनियर या व्यापाऱ्याने १८८४ मध्ये आपला धंदा अटलांटाहून केंटकीतल्या लुईव्हिलला हलवला आणि १८८८ मध्ये ‘फोर रोझेस’ हे नाव नोंदवून घेतलं. चार गुलाबांची गोष्ट कंपनी आजही सांगते. जोन्स यांनी एका तरुणीला मागणी घातली. होकार असेल तर पुढच्या नृत्यसमारंभाला गुलाब लावून येईन, असं तिने कळवलं, आणि ती आली तेव्हा तिच्या पोशाखावर चार तांबडे गुलाब होते. गोष्ट खरी की रचलेली, यात मला फारसा रस नाही. पुढचा भाग मात्र नोंदींतला आहे. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की विकायचा परवाना मोजक्याच कंपन्यांना मिळाला. त्यांतली एक होती फ्रँकफर्ट डिस्टिलिंग कंपनी, आणि जोन्स यांच्या कंपनीने ती १९२२ मध्ये विकत घेतली. त्यामुळे केंटकीतल्या शेकडो भट्ट्या थंड पडल्या तरी फोर रोझेसचं नाव टिकलं. १९३३ मध्ये बंदी उठली, आणि पुढच्या दोन दशकांत ही अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या बर्बनपैकी एक झाली.

१९४३ मध्ये कॅनडाच्या सीग्रॅम कंपनीने हा ब्रँड घेतला. सीग्रॅमच्या सॅम्युएल ब्रॉन्फमन यांचा जीव ब्लेंडेड व्हिस्कीत होता. अमेरिकी कायद्यानुसार ब्लेंडेड व्हिस्कीत खरी स्ट्रेट व्हिस्की (पिंपात मुरवलेली, असं स्पिरिट न मिसळलेली) एक पंचमांश असली तरी चालते, उरलेला भाग जवळजवळ बिनचवीचा धान्य-स्पिरिट असू शकतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सीग्रॅमने फोर रोझेस बर्बन अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतली आणि ती युरोप आणि आशियात, विशेषतः जपानमध्ये पाठवायला सुरुवात केली. घरच्या गिऱ्हाइकापुढे त्याच नावाने ठेवली ती स्वस्त ब्लेंडेड. केंटकीतल्या लॉरेन्सबर्गच्या फोर रोझेस डिस्टिलरीत उत्तम बर्बन बनत राहिली, आणि डिस्टिलरीसमोरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला ‘फोर रोझेस’ म्हणजे खालच्या फळीवरची हलकी बाटली एवढंच ठाऊक राहिलं. एका चांगल्या नावाची इतकी थंडपणे केलेली माती मद्यधंद्यात दुसरी शोधावी लागेल.

रटलेज १९६६ मध्ये सीग्रॅममध्ये लागले ते लुईव्हिलच्या संशोधन विभागात. १९७५ मध्ये त्यांची बदली न्यूयॉर्कच्या मुख्य कार्यालयात झाली. आपल्याच कंपनीची बर्बन किती चांगली आहे हे ते जाणून होते, आणि मुख्य कार्यालयाला तिची किती कमी पर्वा आहे हेही त्यांनी जवळून पाहिलं. १९९२ मध्ये ते केंटकीला परतले आणि काही वर्षांत मास्टर डिस्टिलर झाले. ती बर्बन पुन्हा अमेरिकेत विकावी म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले, पण सीग्रॅमला ब्लेंडेडचा धंदा सोडायचा नव्हता. शिवाय तो काळच बर्बनच्या पडतीचा होता. सत्तरीच्या दशकापासून अमेरिकी माणूस व्होडकाकडे वळला होता, केंटकीतल्या जुन्या डिस्टिलऱ्या एकामागून एक बंद पडत होत्या, आणि १९९२ मध्ये लुईव्हिलजवळच्या नामांकित स्टिट्झेल-वेलरच्या भट्ट्याही विझल्या. अशा दिवसांत ‘आपली बर्बन घरी आणा’ म्हणत राहायला फार चिवटपणा लागतो.

सुटका झाली ती सीग्रॅमच मोडल्यामुळे. २००० मध्ये कंपनी फ्रान्सच्या विव्हेंदीकडे गेली, आणि विव्हेंदीने मद्याचा सगळा पसारा डियाजिओ आणि पेर्नो रिकार या मद्यकंपन्यांना विकला. सीग्रॅम हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकालाही परकं नाही. रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइडच्या बाटल्यांवर ते आजही छापलेलं असतं, आणि हे ब्रँड याच वाटणीत पेर्नो रिकारकडे आले. फोर रोझेस डियाजिओच्या वाट्याला गेली आणि २००२ मध्ये जपानच्या किरिनने ती विकत घेतली. किरिनची सीग्रॅमशी १९७२ पासून भागीदारी होती, आणि जपानी गिऱ्हाइकाने ही बर्बन वर्षानुवर्षं आवडीने प्यायलेली असल्याने तिचं मोल टोकियोत नीट ठाऊक होतं. नव्या मालकांनी रटलेज यांचं म्हणणं ऐकलं. ब्लेंडेड बंद झाली आणि खरी फोर रोझेस केंटकीच्या दुकानांत परत आली. २००४ मध्ये सिंगल बॅरल (एकाच पिंपातली) आली, २००६ मध्ये स्मॉल बॅच (मोजक्या पिंपांच्या मिश्रणाची).

परत आलेल्या बर्बनमध्ये चाहत्यांना इतकं गुंतायला काय मिळालं, ते थोडं खोलात जाऊन सांगायला हवं. कायद्याने बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. बाकीचं ज्याच्या त्याच्या हाती. बहुतेक डिस्टिलऱ्या एक-दोन प्रकारची धान्य-मिश्रणं आणि ती आंबवायला एकच यीस्ट वापरतात. फोर रोझेसकडे मिश्रणं दोन आणि यीस्ट पाच. ‘ई’ या मिश्रणात ७५ टक्के मका, २० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य) आणि ५ टक्के मोड आणलेली बार्ली. ‘बी’मध्ये मका ६० टक्क्यांवर येतो आणि राय ३५ टक्क्यांवर जाते. बर्बनसाठी राय एवढी म्हणजे चांगलीच तिखट-मसालेदार. यीस्टपैकी ‘व्ही’ नाजूक फळांचा स्वाद देतं, ‘के’ हलका मसाला, ‘ओ’ गडद फळं, ‘क्यू’ फुलांचा गंध आणि ‘एफ’ वनौषधींचा. दोन गुणिले पाच अशा दहा पाककृती होतात. प्रत्येकीला चार अक्षरांचं नाव आहे : पहिलं ‘ओ’ डिस्टिलरीचं, तिसरं ‘एस’ स्ट्रेट व्हिस्कीचं, दुसरं मिश्रणाचं, शेवटचं यीस्टचं. सिंगल बॅरलची नेहमीची बाटली म्हणजे ‘ओबीएसव्ही’. स्मॉल बॅचमध्ये ‘के’ आणि ‘ओ’ यीस्टच्या चार पाककृती एकत्र येतात.

ही रचनाही सीग्रॅमचीच देणगी, हे मान्य करायला हवं. एके काळी केंटकीत सीग्रॅमच्या पाच डिस्टिलऱ्या होत्या आणि प्रत्येकीचं यीस्ट वेगळं होतं. एकेक बंद होत गेली तशी त्यांची यीस्टं लॉरेन्सबर्गला आणून जपली गेली. घराण्यातलं विरजण एका घरातून दुसऱ्या घरात जावं तशीच ती आली आणि जिवंत राहिली. भट्ट्या गेल्या, इमारती गेल्या, पण त्यांची चव एका छताखाली उरली. गोदामांचंही तसंच. केंटकीतली बहुतेक गोदामं उंच, अनेक मजली असतात. वरच्या मजल्यावरचं पिंप उन्हाळ्यात भाजून निघतं, तळातलं थंड राहतं, त्यामुळे एकाच दिवशी भरलेल्या दोन पिंपांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. फोर रोझेसची कॉक्सेस क्रीकची गोदामं एकमजली आहेत. तिथे दोन पिंपांतला फरक मुख्यतः पाककृतीमुळे पडतो, जागेमुळे कमी.

रटलेज यांनी हे सगळं गुपित म्हणून ठेवलं नाही. धान्याचं प्रमाण, यीस्टची नावं, कोणत्या बाटलीत कोणती पाककृती, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. धंद्यातले बाकीचे लोक लेबलवर आजोबा-पणजोबांच्या दंतकथा छापत असताना इथे माणूस आकडे सांगत होता. मग दुकानदार आणि बर्बनप्रेमींचे गट कॉक्सेस क्रीकला जाऊ लागले. गोदामात ओळीने ठेवलेल्या पिंपांतून नळीने थोडी थोडी बर्बन काढायची, चाखायची, वाद घालायचा आणि एक पिंप निवडून ते पाणी न घालता बाटलीत भरून घ्यायचं. चाहते याला बॅरल पिक म्हणतात. या चाखण्याला अनेकदा रटलेज स्वतः हजर असत. ‘ओबीएसके’ आणि ‘ओईएसके’ यांतला फरक ज्याने त्यांच्याशेजारी उभं राहून पहिल्यांदा ओळखला, त्याला ते निघाल्याचं वाईट वाटणार नाही तर कुणाला?

मास्टर डिस्टिलरला चेहरा असावा, ही रीत तशी अलीकडची आहे. ‘मास्टर डिस्टिलर’ हे पद कोणत्या कायद्यात नाही आणि शतकभर या लोकांची नावं गिऱ्हाइकाला माहीत नसत. १९८४ मध्ये एल्मर टी. ली यांनी एकाच पिंपातली ब्लँटन्स ही बर्बन बाजारात आणली. काही वर्षांनी जिम बीमच्या बुकर नो यांनी पाणी न घातलेली, स्वतःच्या नावाची बर्बन दिली. पडत्या काळात खप सावरायला कंपन्यांनी या म्हाताऱ्या कारागिरांना लोकांपुढे आणलं आणि लोकांनी त्यांना मनापासून आपलं मानलं. बुकर नो २००४ मध्ये गेले. एल्मर ली आणि वुडफर्ड रिझर्व्ह घडवणारे लिंकन हेंडरसन हे दोघेही २०१३ मध्ये गेले. हेवन हिलचे पार्कर बीम यांचा एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराशी झगडा त्याच वर्षी जगाला कळला. म्हणून २०१५ मध्ये रटलेज यांच्या निवृत्तीची बातमी आली, तेव्हा चाहत्यांच्या मनात हा सगळा हिशेब आधीच साचलेला होता. पडत्या काळात बर्बन धरून ठेवणारी पिढी संपत होती. लॉरेन्सबर्गमध्येच, वाइल्ड टर्की या दुसऱ्या डिस्टिलरीत १९५४ पासून काम करणारे जिमी रसेल तेवढे अजून पाय रोवून उभे होते.

चव बदलण्याची भीती मात्र वेळेच्या हिशेबात बसत नव्हती. मास्टर डिस्टिलर गेला तरी त्याने भरलेली पिंपं गोदामातच असतात. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी विकली गेलेली प्रत्येक बाटली रटलेज यांच्याच हातची होती, आणि पुढची कित्येक वर्षं तसंच राहणार होतं. वारसही बाहेरून आला नव्हता. ब्रेंट एलियट केंटकी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले आणि २००५ पासून फोर रोझेसच्या गुणवत्ता विभागात होते, म्हणजे दहा वर्षं रटलेज यांच्याच हाताखाली. २०१६ मध्ये त्यांच्या नावाने ‘एलियट्स सिलेक्ट’ निघाली, ती १४ वर्षं मुरलेली ‘ओईएसके’. ती पिंपात भरली तेव्हा एलियट कंपनीत आलेलेही नव्हते. नव्या माणसाच्या पहिल्या बाटलीत जुन्या माणसाचं काम होतं, आणि निवड करणारी जीभ नव्या माणसाची.

खरी चिंता करायचीच, तर ती वाढीची होती, आणि जाणत्या चाहत्यांना ती पटली असती. त्याच उन्हाळ्यात फोर रोझेसने ५.५ कोटी डॉलरचा विस्तार जाहीर केला आणि उत्पादन दुप्पट करायचं ठरवलं. २०१९ मध्ये ते काम पुरं झालं. लहान डिस्टिलरीची मोठी होताना चव हरवते, याचे दाखले या धंद्यात आहेत. इथे पाककृती दहाच राहिल्या, यीस्टं पाचच राहिली आणि गोदामंही एकमजलीच.

रटलेज घरी बसले नाहीत. स्वतःची डिस्टिलरी उभारण्यासाठी त्यांनी २०१६ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला. तो फसला. ज्या चाहत्यांनी त्यांच्या निवृत्तीवर एवढं प्रेम व्यक्त केलं होतं, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी खिशात हात घातला, हे मला अजून खुपतं. पुढे त्यांनी ‘क्रीम ऑफ केंटकी’ हे केव्हाच विस्मरणात गेलेलं नाव उचललं आणि दुसरीकडे बनलेली जुनी बर्बन निवडून त्या नावाने बाजारात आणली.

नेहमीची साधी फोर रोझेस किमान पाच वर्षं मुरलेली असते, म्हणजे तिच्यातला रटलेज यांच्या काळातला थेंब केव्हाच संपला. मर्यादित आवृत्तीच्या स्मॉल बॅचमध्ये मात्र पंधरा-वीस वर्षांची बर्बन अनेकदा असते. २०१५ च्या उन्हाळ्यात, त्यांच्या शेवटच्या दिवसांत भरलेलं पिंप २०३१ मध्ये सोळा वर्षांचं होईल, आणि त्यातली बर्बन कोणत्या बाटलीत घालायची हे एलियट किंवा त्यांच्यानंतरचं कुणीतरी ठरवेल.