प्रोग्रामिंग इंग्रजीतच का राहिलं?

संगणकाला इंग्रजी येत नाही. ‘इफ’ काय किंवा ‘प्रिंट’ काय, त्याच्या लेखी ते बिटांचे, म्हणजे ० आणि १ चे, ठरावीक क्रम. त्यांच्या जागी कुठल्याही भाषेतले शब्द चालतात. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी हे १९५५च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. रेमिंग्टन रँड या कंपनीत त्या युनिव्हॅक या संगणकासाठी शब्दांत लिहिता येणारी भाषा तयार करत होत्या. तीच पुढची फ्लो-मॅटिक. वरिष्ठांसमोर त्यांनी इंग्रजी आज्ञांचा छोटा प्रोग्राम ठेवला आणि मग तोच फ्रेंच व जर्मन शब्दांतही. वरिष्ठ खूश होण्याऐवजी बिथरले. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकी संगणकाला फ्रेंच-जर्मन कळावं, हे त्यांच्या पचनी पडेना. अखेर फक्त इंग्रजीच वापरू, अशी ग्वाही हॉपर यांना द्यावी लागली. फ्लो-मॅटिकच्या पायावर कोबोल ही व्यावसायिक कामांची प्रोग्रामिंग भाषा उभी राहिली आणि तिच्याबरोबर ते इंग्रजी शब्द जगभरच्या बँकांत आणि कचेऱ्यांत गेले. इंग्रजीला हे स्थान तांत्रिक गरजेने दिलेलं नाही, हे आपल्याकडे वारंवार सांगायला हवं.

अल्गोल ६८ या प्रोग्रामिंग भाषेत आज्ञांचे शब्द आपापल्या भाषेत बदलण्याची सोय मुळातच होती. पण मोठा प्रयोग झाला तो शाळांत. सोव्हिएत संगणकतज्ज्ञ आंद्रेई येर्शोव यांच्या पुढाकाराने १९८५ साली सोव्हिएत संघातल्या वरच्या वर्गांना संगणकशास्त्र सक्तीचं झालं. बहुतेक शाळांत संगणकच नव्हते. मुलं वहीत प्रोग्राम लिहीत आणि पायरीपायरीला चलाची (व्हेरिएबलची) किंमत हाताने मांडत. त्यातले शब्द रशियन: ‘येस्ली’ म्हणजे जर, ‘इनाचे’ म्हणजे नाहीतर. यंत्राविना केवळ विचार शिकवायचा, तर तो मुलांच्या भाषेतच शिकवावा लागतो. येर्शोव यांची ही निवड मला अतिशय योग्य वाटते.

मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये मॅक्रोची, म्हणजे एक्सेलमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, भाषा जर्मन, फ्रेंचमध्येही दिली आणि ऑफिस ९७ मध्ये ती पुन्हा इंग्रजीवर आणली. सूत्रांची नावं मात्र आजही भाषांतरित आहेत. जर्मन एक्सेलमधलं बेरजेचं सूत्र इंग्रजी एक्सेलमध्ये उघडलं की आपोआप ‘सम’ दिसतं, कारण फाईलमध्ये ते सर्व भाषांसाठी एकाच रूपात साठवलेलं असतं. म्हणजे दोन भाषांत लिहिणाऱ्यांना एकच फाईल वापरता येते. २०२० साली नेदरलँड्समध्ये फेलिन हर्मन्स यांनी सुरू केलेल्या हेडी या शिकणाऱ्यांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत आता हिंदी आणि अरबी शब्दांतही प्रोग्राम लिहिता येतो.

मराठीपुरतं बोलायचं, तर २००८ साली आलेल्या पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेत चलाला ‘बेरीज’ हे नाव देता येतं. वापरणाऱ्याने टंकलेला ‘५’ पायथन संख्या म्हणून वाचू शकतो. प्रोग्राममध्ये तोच ‘५’ थेट लिहिला तर चूक दाखवतो. आणि ‘इफ’च्या जागी ‘जर’ अजूनही चालत नाही.