व्हिडिओ चालत नाहीये? आधी बघा तो कुठे अडलाय

माझ्या भाचीच्या शाळेने गॅदरिंगचा व्हिडिओ शाळेच्या साइटवर टाकला आणि त्या रात्री पालकांच्या ग्रुपवर नुसता गोंधळ, कोणी म्हणतंय मस्त दिसतोय, कोणी म्हणतंय स्क्रीन काळीच आहे पण नाटकातले संवाद ऐकू येतायत, आणि त्यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, नेट चेक करा. ताईच्या घरी तर एकाच वायफायवर तिच्या नव्या फोनमध्ये व्हिडिओ चालत होता आणि भावजींच्या जुन्या लॅपटॉपवर फक्त आवाज. नेट तेच, साइट तीच, फाइल पण तीच. नेटचा प्रॉब्लेम असता तर आवाज तरी कसा आला असता?

हे समजायला थोडा हिशोब करावा लागतो, पण तो करण्यासारखा आहे. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एका चित्राचे झाले साधारण ६२ लाख बाइट, आणि सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे दर सेकंदाला १८६ एमबी! रोजचा २ जीबीचा पॅक अकरा सेकंदांत संपला असता. प्रत्यक्षात तोच व्हिडिओ सेकंदाला अर्धा-पाऊण एमबीत आपल्यापर्यंत येतो. कारण तो दाबून, घड्या घालून पाठवलेला असतो. एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच सांगायचं, मागची भिंत हललीच नाही तर ती परत परत कशाला पाठवायची. या घड्या घालायच्या आणि उलगडायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

आणि या पद्धती अनेक आहेत. एच.२६४ ही २००३ सालची, ती जवळजवळ प्रत्येक ब्राउझरला येते. मग २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ आल्या, २०१८ मध्ये एव्ही१. एचईव्हीसी फाइल बरीच लहान करते म्हणून अनेक नवे फोन शूटिंग तिच्यातच करतात, पण तिच्यावर पेटंटची आणि लायसन्स फीची भानगड असल्यामुळे ब्राउझरवाल्यांनी ती बरीच वर्षं लांब ठेवली, आजही ती चालणार की नाही हे तुमच्या मशीनच्या चिपवर आणि ब्राउझरवर अवलंबून असतं. शाळेत नेमकं हेच झालं होतं, फोनमधली फाइल जशीच्या तशी साइटवर चढवली. फाइलच्या नावाच्या शेवटी असतं ते एमपी४ हा नुसता डबा आहे, त्याच्या आत चित्र वेगळ्या पद्धतीने भरलेलं आणि आवाज वेगळ्या, लॅपटॉपला आवाज उलगडता आला, चित्र नाही. फाइल एच.२६४ मध्ये बदलून परत टाकली आणि सगळ्यांना नाटक दिसलं. मोठ्या व्हिडिओ साइट हे काम आपोआप करतात, एकेका व्हिडिओच्या अनेक आवृत्त्या बनवून ठेवतात, म्हणून तिथे ही अडचण फारशी दिसत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की व्हिडिओ चालला नाही तर आधी नुसतं नीट बघावं, तो कसा चालत नाहीये ते. तुकडे घरापर्यंत येणं, ते उलगडणं आणि मग स्क्रीनवर रंगवणं ही वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाच्या दुखण्याची लक्षणं वेगळी.

गोल चक्र फिरत राहिलं तर तुकडे येत नाहीयेत. व्हिडिओ एकसंध येत नाही, काही काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि नेट मंद झालं की प्लेअर पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवतो, त्यामुळे खरोखर नेट मंद असेल तर बहुतेक वेळा चित्र आधी धूसर होतं आणि मग अडकतं. युट्यूबवर असाल तर क्वालिटी हाताने ३६० करून बघा. धूसर न होता सुरुवातीपासूनच ढिम्म असेल तर मी पहिल्यांदा ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी विंडो उघडते, कारण तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. तिथे चाललं म्हणजे एखादा अ‍ॅड ब्लॉकर किंवा जुनी कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइली, आडवी येतेय, मग एकेक एक्स्टेन्शन बंद करत जायचं.

बाबांच्या डेस्कटॉपचं कारण तर कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. एका छोट्या देवस्थानच्या साइटवर ते कीर्तन लावतात, पान उघडायचं पण व्हिडिओची चौकट रिकामी. शेवटी लक्ष गेलं कोपऱ्यातल्या तारखेकडे, ती कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की कॉम्प्युटर बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या दाखल्याला, सुरू व्हायची आणि संपायची तारीख असते, ब्राउझर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो आणि जुळली नाही की साइटवर विश्वास ठेवत नाही. बाबांनी वॉर्निंग आली तरी "पुढे जा" दाबलं होतं म्हणून पान उघडलं, पण व्हिडिओ दुसऱ्याच सर्व्हरवरून येत होता आणि त्याला ब्राउझरने परस्पर नकार दिला. सेल बदलला, तारीख लावली, कीर्तन सुरू.

हिरवे पट्टे, चित्र फाटल्यासारखं दिसणं किंवा आवाज नीट पण चित्र गोठलेलं, असं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, शंका घ्या. उलगडायचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे देतो, ड्रायव्हर जुना असला की तिथे घोळ होतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे हे काम चिपकडे देणं, बंद करून ब्राउझर परत चालू करा. चाललं तर ड्रायव्हर अपडेट करा आणि ते परत ऑन करा, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडून लॅपटॉप तापतो. पैसे भरून बघायच्या पिक्चरचा स्क्रीन शेअर करताना काळं दिसतं तो मात्र बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून ते मुद्दाम कुलूपबंद असतं.

"फ्लॅश प्लेअर अपडेट करा" असा बोर्ड आला तर कृपा करून दाबू नका, घरातल्या मोठ्यांना पण सांगा. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला, आता त्याच्या नावाने जे येतं ती फसवणूकच आहे.

आणि एक लक्षण मला स्वतःला खूप उशिरा कळलं. चित्र अडकतं ते कधी कधी आवाजामुळे! ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून प्लेअर सहसा आवाजाच्या घड्याळावर चित्र चालवतो, कारण आवाज जरासा तुटला तरी कानाला लगेच कळतं, चित्र एखादं गाळलं तर डोळ्याला कळत नाही. त्यामुळे ब्लूटूथ इअरफोन अर्धवट जोडलेला राहिला, आवाज कुठे पाठवायचा हेच ठरेना, की चित्रही तिथेच थांबतं, नेट कितीही फास्ट असो. गेल्या महिन्यात माझा असाच एक व्हिडिओ शून्य सेकंदावर थांबून होता, राउटर दोनदा बंद-चालू केला, मग ब्लूटूथ ऑफ केलं, पान रिफ्रेश केलं आणि तो सुरू झाला, लॅपटॉपच्या स्पीकरवर.