सान सिरोची सावली

इटलीतल्या मिलान महापालिकेने सान सिरो स्टेडियम इंटर आणि एसी मिलान या दोन क्लबांना १९ कोटी ७० लाख युरोंना विकलं, ही नोव्हेंबर २०२५ मधली बातमी. क्लब शेजारीच नवं स्टेडियम बांधणार आणि जुन्याचा बहुतेक भाग पाडणार. आमच्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री सुतकच होतं. रात्री सव्वाला सुरू होणाऱ्या मॅचसाठी टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवून, घरच्यांची बोलणी खात ज्यांनी ते लाल तुळयांचं छप्पर वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यांना वाईट वाटणारच. पण त्या गहिवरात एकाने लिहिलं, ‘‘तसाही त्या मैदानाला शापच होता. गवत कधी टिकलंच नाही.’’ त्यावर दुसरा, ‘‘शाप कसला, तिथली मातीच खराब.’’

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस. शाप आणि माती दोन्ही एका दमात ऐकल्यावर मला झोप लागणं शक्य नव्हतं. मातीचंच म्हणाल, तर त्याच मातीवर चौसष्ट वर्षं गवत बऱ्यापैकी नांदलं होतं. मग १९९० साली असं काय झालं?

आधी थोडा इतिहास. एसी मिलानचे तेव्हाचे अध्यक्ष पिएरो पिरेली (हो, टायरवाले पिरेली तेच) यांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी हे स्टेडियम बांधून घेतलं. आराखडा उलिसे स्टाकिनी आणि आल्बेर्तो कुजिनी यांचा. यातल्या स्टाकिनींनीच मिलानचं ते अवाढव्य मध्यवर्ती रेल्वे स्टेशन उभं केलं. १९ सप्टेंबर १९२६ ला उद्घाटनाची मॅच झाली आणि पाहुण्या इंटरने यजमानांना ६-३ असं धुतलं. क्षमता होती ३५ हजार. मैदानाच्या चार बाजूंना चार बुटके स्टँड, त्यातल्या एकावरच थोडंसं छप्पर, बाकी सगळं उघडं. गवताच्या दृष्टीने बघाल तर हा सुवर्णकाळ.

१९३५ मध्ये महापालिकेने स्टेडियम विकत घेतलं, मग कोपरे जोडून आसनं वाढवली. १९४७ पासून इंटरही इथेच खेळायला आलं, म्हणजे एकाच अंगणात दोन बिऱ्हाडं. १९५५ मध्ये पहिल्या मजल्यावर दुसरा मजला चढला आणि बाहेरून गोल फिरत वर जाणारे ते प्रसिद्ध उतार आले. लांबून पाहिलं तर इमारतीला कुणी पट्ट्यापट्ट्यांची फीत गुंडाळल्यासारखं दिसतं. १९८० मध्ये स्टेडियमला जुसेप्पे मेआत्सांचं नाव दिलं. दोन विश्वचषक जिंकलेला हा खेळाडू इंटरचा हिरो, पण मिलानकडूनही खेळलेला, त्यामुळे भांडण नको म्हणून सोयीचा.

आणि मग १९९० चा विश्वचषक. फिफाला आच्छादित आसनं हवी होती. तिसरा मजला चढवायचा ठरला, पण त्याचा भार जुन्या दोन मजल्यांवर टाकता येणार नव्हता. म्हणून इंजिनीअरांनी स्टेडियमच्या बाहेरून काँक्रीटचे ११ गोल मनोरे उभे केले आणि तिसरा मजला त्यांच्यावर तोलला. म्हणजे चालू घराला हात न लावता त्याच्याभोवती खांब रोवून वर माळा घातला. त्यातल्या चार कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांवर त्या लाल लोखंडी तुळया टेकल्या आणि तुळयांवर पॉलिकार्बोनेटचे अर्धपारदर्शक पत्रे बसले. ८ जून १९९० ला याच छपराखाली कॅमेरूनने मॅराडोनाच्या जगज्जेत्या अर्जेंटिनाला १-० ने हरवलं. प्रेक्षक कोरडे राहिले. गवत मात्र त्यानंतर कधी धड उभं राहिलं नाही. एकेका हंगामात अनेकदा जुनी हिरवळ खरवडून नव्या हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरायची पाळी आली.

आता शाळेतली भूमिती काढू. मिलान साधारण साडेपंचेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून किती वर असतो? ९० मधून अक्षांश वजा करा, आणखी साडेतेवीस वजा करा. उरतात २१ अंश. आपल्याकडे संध्याकाळी पाचला सूर्य जिथे असतो, तिथे त्यांचा बाराला. आता छपराची कड जमिनीपासून ५० मीटर वर आहे असं धरू. २१ अंशांच्या सूर्यात ५० मीटर उंचीची सावली पडते जवळजवळ १३० मीटर लांब. फुटबॉलचं मैदान १०५ मीटरचं. सान सिरोची गोलपोस्टं साधारण उत्तर-दक्षिण आहेत, म्हणून तर गोलांमागच्या स्टँडांत बसणारे तिथले कट्टर समर्थक ‘उत्तर वळण’ आणि ‘दक्षिण वळण’ अशी आपली नावं सांगतात. थोडक्यात, दक्षिण वळणाच्या छपराची सावली अख्खं मैदान ओलांडून उत्तर वळणाच्या खुर्च्यांवर चढते. तेच स्टेडियम उचलून मडगावजवळ फातोर्ड्याला ठेवलं, तर त्याच दिवशी सूर्य ५१ अंशांवर असेल आणि सावली ४० मीटरवर थांबेल. शिवाय तिथला दिवस सव्वाअकरा तासांचा, मिलानचा पावणेनऊ तासांचा.

इथे हमखास एक शंका येते. टीव्हीवर तर मैदान लख्ख दिसतं, फ्लडलाइट असतात, मग अंधार कुठला? यात दोष आपल्या डोळ्यांचा आहे. उजेड मोजायचं माप लक्स. घरात ट्यूबलाइटखाली काही शे लक्स उजेड असतो, बाहेर उन्हात लाखभर. पेपर आपल्याला दोन्हीकडे वाचता येतो, कारण बाहुली आणि मेंदू मिळून हिशोब जुळवून घेतात. गवताला अशी सोय नाही. फ्लडलाइट दोनेक हजार लक्स देतात. कॅमेऱ्याला ते भरपूर झाले, पण गवताला म्हणजे जेवणाऐवजी खिडकीतून आलेला फोडणीचा वास.

गवताचा हिशोब कणांचा आहे, आणि मला हा भाग फार आवडतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या. प्रकाश म्हणजे फोटॉनांचा पाऊस. त्यातले ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे फोटॉनच हरितद्रव्याच्या कामाचे. स्वच्छ दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर असे सुमारे २००० मायक्रोमोल फोटॉन दर सेकंदाला पडतात. साध्या भाषेत, एकावर एकवीस शून्यं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून साखरेत बसवायला किमान आठ फोटॉन खर्ची पडतात, प्रत्यक्षात नऊ-दहा. आणि इथे निळ्या फोटॉनाची श्रीमंती काही उपयोगाची नाही. त्याच्याकडे लालपेक्षा ऊर्जा जास्त असते, पण जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. पाचशेची नोट देऊनही कटिंग एकच मिळतो आणि सुटे परत मिळत नाहीत, तसं. म्हणून झाडाच्या बाबतीत उजेड ‘किती झगझगीत’ हे विचारायचं नसतं, दिवसभरात ‘किती फोटॉन’ हे मोजायचं असतं.

ही झाली मिळकत. खर्चाचं नाव श्वसन. गवत चोवीस तास साखर जाळतं. मुळं जगवायला, नवी पाती काढायला, बूट लागून झालेल्या जखमा भरायला. एका ठरावीक उजेडाला मिळकत आणि खर्च बरोबरीत येतात. त्याच्या खाली गेलं की गवत पुंजी मोडून खायला लागतं, आणि ही पुंजी असते बुंध्यात आणि मुळांत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिलानची जमीन अजून उबदार असते, त्यामुळे श्वसनाचा खर्च चढा, तर सावली मात्र लांबत चाललेली. दिवाळं निघायला सुरुवात तिथेच होते. डिसेंबरात तर गारठ्याने गवताची वाढच जवळजवळ थांबते. फुटबॉलचा हंगाम नेमका ऑगस्ट ते मे. वाढीच्या नावाने शून्य असताना बावीस जणांनी बुटाच्या खुंट्यांनी तुडवायचं, आणि ते एका क्लबचे बावीस नाहीत, दोन्ही बिऱ्हाडांच्या मॅचेस आलटून पालटून.

पुंजी मोडणारं गवत दिसतं कसं? आधी फसवं दिसतं. हिरवंगार, लांब. सावलीतल्या रोपात जिबरेलिन या संप्रेरकाची चलती होते आणि पाती उजेडाच्या शोधात ताणली जातात. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. मण्यांची लांबी वाढवायला ते ‘जीए’ मारतात, ते हेच जिबरेलिक ॲसिड. सान सिरोत हीच फवारणी जणू सावलीने केली. लांब झालेलं पातं पातळ असतं, त्याच्या पेशींच्या भिंती नाजूक असतात. आणि उंचीवर खर्च झाला की फुटवे कमी. गहू-भात करणाऱ्याला फुटव्याचं मोल माहीत असतं. एका बुंध्यातून पाच फुटवे निघाले तर शेजारची उखडलेली जागा आपोआप भरते, एकच निघाला तर टक्कल तसंच राहतं. मुळं तर आणखी उथळ. स्ट्रायकरने वळण घेतलं की पायाखालचा हिरवळीचा तुकडा गालिच्यासारखा सरकतो.

आमच्या सोसायटीत हाच प्रयोग चालू आहे, फक्त तिकीट नाही. माहितीपत्रकात दोन टॉवरच्या मधे मखमली लॉन होतं. पहिल्या पावसाळ्यात आलंही. दिवाळीनंतर दक्षिणेकडच्या टॉवरची सावली त्यावरून हलेना. गवत आधी ढोपरापर्यंत लांब, मग लोळलेलं, मग पिवळं, होळीला माती. बिल्डर म्हणाला, पाणी कमी पडलं. माळ्याने आणखी पाणी घातलं आणि शेवाळ आलं. गंमत म्हणजे त्याच कंपाउंडच्या उत्तर टोकाला, पार्किंगच्या फटीत, कुणी न लावलेली हरळी उन्हात ऐटीत पसरलीय. गणपतीत तिचीच जुडी २१ दूर्वा म्हणून घरात येते.

दूर्वा हा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. सायनोडॉन डॅक्टिलॉन हे तिचं शास्त्रीय नाव, आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी फुटबॉल मैदानं हिच्याच संकरित जातींची असतात. तिची साखर बनवायची तऱ्हा ऊस-मक्याच्या वळणाची. कडक ऊन आणि उकाडा तिला मानवतो, पण थंडीत ती पिवळी पडून झोपी जाते आणि सावली तर तिला अजिबात सोसत नाही. म्हणून मिलानला ती चालत नाही, तिथे रायग्राससारखं थंड हवेचं गवत लागतं.

आणि हो, पिंपळ, तुळस किंवा दूर्वा रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतात असा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना दंडवत. वर सांगितलेला खर्चाचा रकाना पुन्हा वाचा. रात्री फोटॉन नाहीत, म्हणजे पाण्याचं विघटन नाही, म्हणजे ऑक्सिजन नाही. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. पुण्य मिळवायचं तर झाड उन्हात लावा.

सान सिरोचा दुसरा शत्रू वारा, म्हणजे त्याचं नसणं. तीन मजली कटोऱ्याच्या तळाशी हवा कोंडते. दव वाळत नाही. पातं तासन्‌तास ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रणच. रायग्रासवर पायरिक्युलारिया नावाची बुरशी येते. कोकणातला भात शेतकरी तिच्या भावंडाला ‘करपा’ म्हणून ओळखतो. पानावर डाग पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि काही दिवसांत पट्टेच्या पट्टे जळाल्यासारखे होतात.

उपाय म्हणून २०१२ मध्ये तिथे मिश्र मैदान आलं. खऱ्या गवतात प्लॅस्टिकचे धागे शिवायचे, दर दोन सेंटिमीटरवर एक, २० सेंटिमीटर खोल. मैदानाचं क्षेत्र ८ हजार चौरस मीटर धरलं तर एकूण दोन कोटी टाके, पाहिजे तर भागून बघा. यात प्लॅस्टिक जेमतेम काही टक्के असतं, बाकी गवत खरंच. खरं काम जमिनीखाली चालतं. मुळं त्या धाग्यांना विळखे घालतात आणि उथळ मुळांना जो आधार नव्हता तो मिळतो. पण टाक्यांनी फोटॉन वाढत नाहीत. म्हणून युरोपातल्या मोठ्या स्टेडियमांत मॅच नसलेल्या दिवशी चाकांवरच्या लांबलचक चौकटी मैदानावर ढकलत आणतात. त्यांना सोडियमचे किंवा एलईडीचे दिवे टांगलेले असतात, गवताच्या अगदी जवळ, आणि ते तासन्‌तास जळतात. वीज किती खातात याची जाहिरात कुणी करत नाही. ‘हरित स्टेडियम’ असं लिहिलेलं पत्रक हातात आलं की मी आधी दिव्यांच्या चौकटी शोधतो.

ग्रुपवर मी यातलं अर्धंच लिहिलं. शापवाला म्हणाला, ‘‘एवढं कोण वाचणार?’’ मातीवाल्याने अंगठा दाखवला, म्हणजे त्यानेही वाचलं नसावं. आता सगळे नव्या स्टेडियमच्या चित्रांवर तुटून पडलेत. ७१ हजारांवर आसनं, बाहेरून कसं दिसेल, काचा कुठे, दुकानं कुठे. मी त्या चित्रांत दक्षिणेची बाजू कुठली आणि तिकडच्या छपराची कड किती उंच, ते पट्टी घेऊन मोजतोय.