गुण स्थिर, पण मोजलं काय?

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैन्यासाठी बुद्धिमत्ता चाचण्या बनवल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांना ‘आर्मी अल्फा’, इतरांना चित्रांची ‘आर्मी बीटा’. सुमारे १७ लाख जणांची परीक्षा झाली.

अल्फातला एक प्रश्न होता: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? (तो आपल्या डालड्यासारखा प्रकार.) बीटामध्ये चित्रातली उणीव ओळखून भरायची होती. टेनिस कोर्टावर जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. इटलीतल्या एखाद्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतमजुराने टेनिस कुठे पाहिलेलं असणार?

त्याच मजुराला महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा दिली, तर गुण साधारण तेवढेच पडतील. निकालाच्या या सातत्याला मानसशास्त्रात विश्वसनीयता म्हणतात. ती हवीच, रोज वेगळा आकडा देणारी चाचणी कुचकामी. पण जे मोजतोय असं आपण म्हणतो, तेच खरोखर मोजलं जातंय का, हा प्रश्न सप्रमाणतेचा. इथे मोजली जात होती अमेरिकेशी असलेली ओळख, आणि निकालावर शब्द छापला होता ‘बुद्धी’. आकडा स्थिर असला की तो खराही वाटू लागतो. मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच.

१९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली. स्थलांतरितांचे गुण अमेरिकेतल्या वास्तव्यासोबत वाढत होते. वीसहून अधिक वर्षं राहिलेले तर तिथे जन्मलेल्यांच्या बरोबरीला आले होते. चाचणीचा दोष इथेच उघडा पडला होता, पण ब्रिगम यांनी अर्थ काढला की नव्याने येणारे लोकच कमी दर्जाचे! १९३० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालणारा अमेरिकेचा कडक कायदा मात्र १९२४ मध्येच झाला होता. त्यात या चाचण्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे.

आपल्याकडे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुलांची बुद्धिमत्ता मोजणारी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. प्रश्न इथल्या मुलांना देऊन पाहायचे, कोणत्या वयाला कोणता प्रश्न सुटतो ते ठरवायचं, हे किचकट काम त्यांनी केलं. ही चाचणी त्यानंतर कित्येक दशकं वापरात राहिली. म्हणून मुलाच्या हाती बुद्ध्यांकाचा कागद पडला की पालकांनी जरूर विचारावं: यातली प्रमाणकं, म्हणजे गुणांच्या तुलनेचे मापदंड, कोणत्या मुलांवरून आणि कोणत्या साली ठरवलेली आहेत?