थोरली इसाबेला, धाकटी बेआत्रिचे

लिओनार्दो दा विंचीबद्दल वाचताना देस्ते घराण्यातल्या दोन बायका भेटतात आणि बहुतेकांचा तिथेच घोळ होतो. त्याचं ‘लास्ट सपर’ हे चित्र मिलानच्या ज्या दरबारासाठी रंगवलं गेलं तिथली डचेस म्हणजे बेआत्रिचे. लिओनार्दोने आपलं चित्र रंगवावं म्हणून त्याच्या मागे लागलेली, ती इसाबेला. दोघी सख्ख्या बहिणी, इटलीतल्या फेराराचा ड्यूक एर्कोले याच्या लेकी. इसाबेलाचा जन्म १४७४चा, बेआत्रिचेचा १४७५चा.

मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाने आधी मागणी घातली होती ती थोरलीला. पण तिचं मांतुआच्या फ्रान्चेस्को गोन्झागाशी ठरून गेलेलं, म्हणून त्याला धाकटी दिली. थोरली लहानशा मांतुआत गेली आणि मिलानचा श्रीमंत दरबार धाकटीच्या वाट्याला आला. इसाबेलाला हे सलत असणारच, असं मला वाटतं.

बेआत्रिचेचं लग्न १४९१ साली झालं. नुसती नटूनथटून बसणारी ती नव्हती. १४९३ मध्ये नवऱ्याची बाजू मांडायला ती व्हेनिसलाही गेली. पण जानेवारी १४९७ मध्ये मृत बाळाला जन्म दिल्यावर काही तासांतच ती गेली. वय २१. ‘लास्ट सपर’च्या वरच्या कमानींतल्या राजचिन्हांपाशी नवऱ्याच्या नावासोबत तिच्याही नावाची आद्याक्षरं आहेत, चित्राकडे बघताना तिथवर नजर सहसा जात नाही.

इसाबेलाला मात्र १५३९ पर्यंत आयुष्य मिळालं आणि ते तिने पुरेपूर वापरलं. १५०९ मध्ये व्हेनिसने नवऱ्याला कैद केलं, तेव्हा मांतुआचा कारभार तिनेच सांभाळला. स्वतःच्या खास दालनासाठी तिने मांतेन्या, पेरुजिनो अशा चित्रकारांकडून चित्रं करून घेतली. पेरुजिनोला तर काय रंगवायचं हे करारातच बारीकसारीक लिहून दिलं, वर स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही अशी ताकीद! साठीच्या घरात असताना तिशियनने तिचं चित्र काढलं, त्यात ती तरुण मुलगी दिसते. तिला ते चाललं.

तिची हजारो पत्रं मांतुआच्या दफ्तरात टिकली, म्हणून इतिहासकारांचं लक्ष तिच्याकडेच राहिलं. बेआत्रिचेवर हा अन्यायच. खुद्द तिचीही बरीच पत्रं आपल्याला वाचता येतात, ती बहिणीला लिहिलेली होती म्हणून.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोघीही आहेत. लिओनार्दोने खडूने काढलेलं, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र इसाबेलाचं. ते १५००च्या सुमाराचं आणि रंगवायचं राहूनच गेलं. संगमरवरी अर्धपुतळा बेआत्रिचेचा. मिलानच्या दरबारात राहणारी ‘इसाबेला’ कुठे वाचलीत, तर ती या दोघींची मामेबहीण, आरागॉनची इसाबेला. लुदोविकोच्या पुतण्याची बायको.