फेस्केनिनी पद्ये

प्राचीन इटलीच्या ग्रामीण भागात सुगीच्या सणांना आणि लग्नांत म्हटली जाणारी शिवराळ, हजरजबाबी पद्ये. दोन गडी किंवा दोन टोळकी समोरासमोर उभी राहत आणि आळीपाळीने एकमेकांची उणीदुणी काढत. पद्य आयत्या वेळी रचायचे आणि समोरच्याने त्याच चालीत उलट टोला द्यायचा, अशी ही रीत होती. खेड्यातल्या तोंडांतून निघालेले मूळ पद्य एकही उरलेले नाही. त्यांची माहिती मिळते ती रोमन कवी, इतिहासकार आणि कायद्याच्या जुन्या कलमांतून.

नावाचा संबंध काही प्राचीन लेखक रोमच्या उत्तरेकडील फालिस्कन प्रदेशातल्या फेस्केनियम या गावाशी लावतात, तर काही जण दृष्ट व तिच्यावरचा ताईत या अर्थाच्या ‘फास्किनुम’ या लॅटिन शब्दाशी. दुसरी व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटण्याजोगी नसली, तरी प्रथेच्या स्वभावाला जुळते. भरल्या खळ्याला, नव्या नवरा-नवरीला आणि विजयी सेनापतीला दृष्ट लागू नये, म्हणून त्यांच्या तोंडावर वाईट बोलायचे, ही समजूत रोमनांत खोल रुजलेली होती.

रोमन कवी होरेसने सम्राट ऑगस्टसला उद्देशून लिहिलेल्या पद्यपत्रात (सु. इ.स.पू. १२) या प्रथेचे सर्वांत तपशीलवार वर्णन आहे. धान्य घरात आल्यावर जुन्या काळचे शेतकरी बायको, मुले आणि कामाच्या सोबत्यांसह सण करीत. भूमातेला डुक्कर, रानदेव सिल्वानसला दूध आणि प्रत्येकाच्या रक्षक-देवतेला फुले व मद्य वाहिले जाई. मग सवाल-जवाबाच्या पद्यांतून गावठी निंदेला ऊत येई. कवी व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरील काव्याच्या दुसऱ्या भागात द्राक्षमळ्यातला असाच सण रंगवला आहे: सालीचे कोरलेले भेसूर मुखवटे, ओबडधोबड पद्ये, आवर नसलेले हसू आणि पाइनच्या झाडाला टांगलेले छोटे मुखवटे.

अशा थट्टेला विषय रोजच्या कामातलेच मिळत. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, की वसंतसंपाताच्या सुमारास कोकिळा ओरडू लागण्याआधी वेलींची छाटणी उरकलेली असली पाहिजे. पक्ष्याने कोयता हातात असलेल्या माणसाला गाठले, तर ती नामुष्की. मागे पडलेला शेतकरी दिसला की लोक कोकिळेसारखे ओरडून त्याला चिडवीत. होरेसच्या एका उपरोधिकेतला वाटसरूही मळेकऱ्याला असेच ‘कोकिळा’ म्हणतो आणि मळेकऱ्याच्या तोंडापुढे हार खाऊन पुढे जातो. आळशीपणाची ही जाहीर हजेरी होती, आणि ती घेणारे बहुधा बांधालगतचेच असत.

होरेसच्या म्हणण्यानुसार थट्टेचा पुढे उघड संताप झाला. निंदा भल्या घरांत बिनधास्त शिरू लागली, चावा बसलेले कळवळले, न चावलेलेही धास्तावले. शेवटी कायदा आला आणि सोट्याच्या भीतीने कवींनी सूर बदलला. होरेस स्वतः उपरोधिका लिहिणारा, त्यामुळे ही कथा त्याने आपल्या सोयीने नीटनेटकी केली असावी. कायदा मात्र खरा आहे. इ.स.पू. ४५१–४५० मधल्या बारा पाट्यांच्या संहितेत, म्हणजे रोमच्या पहिल्या लेखी कायद्यात, दुसऱ्याची बदनामी होईल असे गाणे रचणे किंवा त्याच्याविरुद्ध जाहीर म्हणणे हा देहान्ताचा गुन्हा होता, असे रोमन वक्ता सिसेरो सांगतो. त्याच संहितेत मंत्राने दुसऱ्याचे पीक ओढून नेण्यालाही शिक्षा होती. लॅटिनमध्ये गाणे आणि मंत्र दोन्ही ‘कार्मेन’च, म्हणून मुळात कलमाचा रोख चेटकावर होता की अब्रुनुकसानीवर, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

शेजाऱ्याच्या द्वेषाची धार किती असे, हे प्लिनीनेच नोंदवलेल्या गायुस फुरियस क्रेसिमसच्या खटल्यात दिसते. गुलामीतून मुक्त झालेला हा माणूस लहानशा तुकड्यात मोठ्या जमीनदारांपेक्षा जास्त पिकवी. तो आमचे पीक चेटकाने ओढतो, असा बोभाटा झाला आणि प्रकरण रोमन नागरिकांच्या सभेपुढे मतदानाला गेले. क्रेसिमसने आपली धडधाकट माणसे, घडीव अवजारे, जड कुदळी आणि पोसलेले बैल थेट फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, आणून उभे केले. हीच माझी चेटके, तो म्हणाला. रात्रीची जागरणे आणि घाम तेवढा आणून दाखवता येत नाही. तो एकमताने सुटला.

ऋण किंवा वस्तू बुडवणाऱ्याला लोकांसमोर गाठून, टोळक्याने तेच तेच शब्द फिरवून ओरडत परत मागण्याची ‘फ्लागितातिओ’ ही रीतही याच कुळातली. रोमन कवी कॅटलसने आपल्या लेखनपाट्या परत मागताना तिचेच विडंबन केले आहे.

शहरात ही पद्ये मुख्यतः लग्नात टिकली. कॅटलसच्या ६१व्या कवितेत वरातीत फेस्केनिनी थट्टा सुरू होते आणि नवऱ्याच्या लाडक्या गुलामाला, आता तुझे दिवस संपले, लग्नाचे आक्रोड पोरांना वाट, असे सुनावले जाते. विजययात्रेत सैनिक सेनापतीवर गात ती पद्ये याच वळणाची. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरचे सैनिक, नागरिकहो, बायका सांभाळा, टकल्या रंगेलाला आणतोय, असे गात रोमच्या रस्त्यांतून चालले. सीझरने ते ऐकून घेतले.

सत्ताधाऱ्यानेच पद्य रचले, की सवाल-जवाब बंद पडे. ऑगस्टसने सेनानी व लेखक असिनियस पोलिओवर फेस्केनिनी पद्ये लिहिली, तेव्हा पोलिओ म्हणाला, मी गप्प बसतो. ज्याच्या लेखणीने माणसे मृत्युयादीत जातात, त्याच्यावर लिहिणे सोपे नाही. इ.स. ३९८ मध्ये सम्राट होनोरियसच्या लग्नासाठी दरबारी कवी क्लॉडियनने रचलेल्या चार फेस्केनिनी कविता तर स्तुतीनेच भरल्या आहेत. जुन्या वळणाची थोडी चावट सूचकता उरली आहे ती चौथीत, शय्यागृहाच्या वर्णनात.